अंबाडी हजर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला कारणं भरपूर मिळत गेली. आधी प्रकृती, मग डोळ्यांचं ऑपरेशन, मग घरातलं लग्न, आणि नंतर तर असंच वाटायला लागलं की आता सगळे विसरले आहेत, कशाला उकरून काढायचं. सगळे खरोखर विसरलेही आहेत. विसरलेली नाही ती फक्त ती मुलगी, आणि मी. आमच्या हॅम रेडिओ क्लबाबद्दल लिहा असं कोणी म्हणालं की मी पुराच्या वेळी पोचवलेल्या निरोपांबद्दल लिहायचो, गच्चीवर अँटेना चढवताना झालेल्या फजितीबद्दल लिहायचो. एका रविवारी सकाळी मी माइकवर जे एक वाक्य बोललो, त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि घरी बिनतारी संच लावून दुसऱ्या हौशी माणसांशी बोलायचं, एवढाच हा प्रकार. बोलताना एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं. मोबाइल आल्यावर लोक विचारायला लागले की यात काय ठेवलंय. मी टेलिफोन खात्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे तारा तुटल्या की काय होतं हे मला ठाऊक होतं. पाणी भरलं, टॉवर बंद पडले, की आमचा डबा चालू असतो. ही गोष्ट मी इतक्यांदा इतक्या लोकांना समजावली आहे की आता ती माझी मलाच खोटी वाटते.

क्लब मी आणि एका डॉक्टरांनी मिळून काढला. डॉक्टरांचा दवाखाना मंडईच्या मागे. तिथेच संध्याकाळचे पेशंट संपले की आमची मीटिंग. सुरुवातीला बाकड्यांवर जागा पुरायची नाही. यंत्रमागवाले, शिक्षक, कॉलेजातली मुलं, एक मुल्लाजी होते घड्याळं दुरुस्त करणारे. नंतर माणसं गळत गेली. गेलेल्यांचा राग नाही, राग आहे तो नावापुरता राहिलेल्यांचा. व्हॉट्सॅप ग्रुपवर सकाळी उठून फुलांचं चित्र टाकायला सगळे हजर. कोणी नवा सेट घेतला की अंगठे, टाळ्या, केक. आणि माइकचं बटण दाबायची वेळ आली की कोणाचा पत्ता नाही. एकदा मानकोलीच्या पुढे टेकडीवर दिवसभराचा कॅम्प ठेवला. यायला सगळे तयार होते. आलेही. दुपारी मटण झालं, आणि हात धुऊन लोक गाड्या काढायला लागले. अँटेनाचे खांब उतरवायला मी आणि डॉक्टर उरलो. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी मटण शेवटी ठेवू." मी म्हणालो, "मग सगळे शेवटीच येतील."

दर रविवारी सकाळी नऊला आमची नेट असायची. नेट म्हणजे हवेतली सभा. एक जण कंट्रोल असतो, तो एकेकाला हाक मारतो, ज्याने त्याने आपण असल्याचं सांगायचं, काही निरोप असेल तर द्यायचा. कंट्रोल मी. नियमाप्रमाणे प्रत्येकाला सरकारी खूण असते, अक्षरं आणि आकड्यांची, ती बोलावीच लागते. पण पुढच्या गप्पांत आम्ही माणसाला गावावरूनच ओळखायचो. एक शेलार गावचा, जमिनींचे व्यवहार करणारा. त्याची अँटेना सगळ्यांत महागडी आणि बोलणं फक्त त्या अँटेनाबद्दल. टेमघरची एक मुलगी, जी बोलायची कमी आणि ऐकायची जास्त. आणि अंबाडीचे मास्तर, म्हणजे तिचे वडील.

मास्तर झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा नाशिकला, मुलगी लग्न होऊन टेमघरला. भाऊबंदांची घरं जवळ होती, पण मास्तर एकटे राहायचे आणि त्यातच खूश असायचे. मोबाइल त्यांनी कपाटात ठेवून दिला होता. म्हणायचे, सेट असताना ते खेळणं कशाला. माइकवर शाळेतलं स्वच्छ मराठी बोलत, पण हजेरी मात्र गावच्या बोलीत द्यायचे. मी हाक मारली की वाडा गावाच्या रस्त्यावरच्या त्या अंबाडीहून त्यांचा खरखरीत आवाज यायचा, "अंबाडी हजर. अजून हाय मी, मेलो न्हाय." दर रविवारी तोच विनोद. शेलारचा दर रविवारी हसायचा.

आता कामाची एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डोंगरावर नाहीतर उंच इमारतीवर आवाज पुढे फेकणारं यंत्र बसवलं तर लांबलांबचे लोक एकमेकांना ऐकू शकतात. आमचं तसं यंत्र बंद पडून काळ लोटला होता. ज्या बिल्डिंगवर ते होतं तिथल्या सोसायटीने ते काढायला लावलं आणि दुसरी जागा मिळेना. त्यामुळे आम्ही थेट बोलायचो. माझी अँटेना चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, म्हणून मला अंबाडी ऐकू यायचं आणि टेमघरही. टेमघरच्या मुलीकडे मात्र हातात धरायचा लहान सेट होता. तिला मी ऐकू यायचो, वडील यायचे नाहीत. मग मी मध्ये बसून ऐकलेलं पुन्हा सांगायचो: अंबाडी हजर आहेत, तब्येत बरी आहे, मुलीला आशीर्वाद सांगतात. आमच्या भाषेत कॉपी म्हणजे नीट ऐकलं. ती उत्तर द्यायची, "कॉपी, काका. त्यांना म्हणावं गोळ्या घ्या." मी ते अंबाडीला पोचवायचो. "सांगा तिला, घेतो म्हणून," असं मास्तर म्हणायचे, आणि ते घेत नाहीत हे आम्हा तिघांना माहीत असायचं.

वडिलांनीच तिला परीक्षेला बसवलं होतं. ती एका मोठ्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर होती, रविवारी दहाला ड्युटी. तिने आणि मास्तरांनी ठरवलं होतं: रविवारी अंबाडी नेटवर नसेल तर तिने ड्युटी सोडून स्कूटर काढायची आणि गावाला जायचं. असेल तर कामाला जायचं. हे ठरलेलं मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला स्वतःला ठेवायची नाही. आणि तिने दोनदा स्कूटर काढलीही होती. एकदा मास्तर शेतावर गेले होते, एकदा वीज गेली होती आणि बॅटरीही पार संपली होती. दोन्ही वेळी मास्तर तिच्यावरच चिडले.

वीज नसताना किंवा बॅटरी उतरली असताना मास्तर बोलत नसत, नुसतं बटण दोनदा दाबायचे. समोर दोन टिचक्या ऐकू यायच्या. तीही हजेरी धरायची, हे आमच्या नेटवर चालत आलेलं होतं. मी म्हणायचो, "अंबाडीच्या टिचक्या कॉपी. अंबाडी हजर."

माझी सवय तिथून बिघडली. नेटवर माणसं कमी यायला लागली तशी मला त्याची लाज वाटायला लागली. दोन हजेऱ्या घेऊन नेट बंद करायची म्हणजे रिकाम्या मांडवात भाषण केल्यासारखं. मग कधी कोणी येणार असं मला आतून माहीत असायचं, उशीर झाला असेल, तर मी म्हणायचो, अमक्याचा सिग्नल खूप कमजोर आहे, पण आहेत. मलाच ऐकू येतंय म्हटल्यावर कोण तपासणार? माझी अँटेना उंच. आणि नेटवर बसून शेवटपर्यंत ऐकणारं कोण होतं? डॉक्टर हजेरी द्यायचे आणि सेट चालू ठेवून आंघोळीला जायचे. शेलारचा हजेरी द्यायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचा. मी बोलत राहायचो. ऐकत असायची ती टेमघरची मुलगी.

त्या रविवारी माझ्याकडे पाहुणे होते. आपत्ती व्यवस्थापनाचं काम बघणारे एक साहेब. मी त्यांच्या मागे कितीतरी महिने लागलो होतो. त्यांनी मनावर घेतलं तर एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर आमच्या यंत्राला जागा मिळणार होती, आणि जागा मिळाली की क्लब पुन्हा उभा राहील असं मला वाटत होतं. साहेब म्हणाले होते, तुमची ती सभा एकदा दाखवा, किती लांबपर्यंत पोचता ते बघू. ते रविवारी सकाळी आले, खुर्चीत बसले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि मोबाइल बघायला लागले.

मी नेट सुरू केली. डॉक्टरांनी हजेरी दिली. शेलारच्याने दिली, आणि अँटेनाबद्दल बोलायला लागला, त्याला मी थांबवलं. टेमघर हजर झालं. मग मी अंबाडीला हाक मारली.

उत्तर आलं नाही.

पुन्हा हाक मारली. सेटमधून बारीक खरखर आली. खालच्या कारखान्यात लूम सुरू होत्या, अशी खरखर दिवसभर येते.

साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "अंबाडीपर्यंत जात नाही वाटतं?"

"जातं ना साहेब," मी म्हणालो, आणि बटण दाबलं. "अंबाडीच्या टिचक्या कॉपी. सिग्नल कमजोर आहे, पण अंबाडी हजर. टेमघर, तुझे बाबा बरे आहेत."

"कॉपी, काका," ती म्हणाली. "निघते मी ड्युटीला."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "मला तर काही ऐकू नाही आलं."

मी म्हणालो, "सवय लागते साहेब, कानाला."

ते हसले. पोहे छान झाले म्हणाले.

मी नंतर स्वतःला बराच काळ सांगत होतो की ती खरखर मला टिचक्यांसारखी वाटली असेल. ते खरं नाही. टिचक्या मला ओळखू येतात, झोपेतसुद्धा येतील. त्या दिवशी मी काहीही ऐकलं नव्हतं. आणि 'बरे आहेत' हे शब्द तर टिचक्यांतूनही कळत नाहीत. ते मी पदरचे घातले.

सोमवारी सकाळी दूधवाल्याने पाहिलं की दाराच्या कडीला रविवारची पिशवी तशीच लटकलेली आहे. त्याने शेजारी मास्तरांच्या चुलतभावाला उठवलं. तो मला पुढे इस्पितळात भेटला तेव्हा सांगत होता, "दार वाजवला, आतून आवाज न्हाय. खिडकीतून बघला तं दादा मोरीपाशी पडलेले. डोळं उघडं, पन बोलता येत न्हाय." अर्धांगाचा झटका. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले रविवारी पहाटे कधीतरी आला असावा. म्हणजे मी हाक मारत होतो तेव्हा मास्तर मोरीपाशी पडलेले होते, आणि त्यांचा सेट खोलीत, कदाचित माझा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, बंद होता की चालू होता हे मी कोणाला विचारलं नाही. ते रविवार पूर्ण आणि रात्र पूर्ण तसे पडून होते. वेळेवर आणलं असतं तर? असं मुलाने विचारलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हात हलवला. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाले.

नाशिकहून आल्यावर मंगळवारी मुलाचा फोन आला. रागात होता, पण माझ्याशी अदबीने बोलला.

"काका, ताई म्हणते रविवारी तुम्ही रेडिओवर सांगितलंत की बाबा आहेत. बाबा तर पहाटेच पडले होते. हे कसं काय?"

इथे मी थांबू शकलो असतो. त्याचा आवाज ऐकताना मला एवढंच दिसत होतं की हे क्लबात कळेल, डॉक्टरांना कळेल, त्या साहेबांना कळेल. म्हातारा कंट्रोल हवेतून माणसं बनवतो. आणि तोंडातून उत्तर आलं, इतकं सहज की मी ते आधीच करून ठेवलं असावं.

"ती मागच्या रविवारचं सांगत असेल रे. या रविवारी अंबाडीचं उत्तर नव्हतं."

तो म्हणाला, "म्हणजे तिने ऐकलंच नाही. किंवा ऐकून कामाला गेली."

"घाईत असते ती," मी म्हणालो. हे शब्दही माझेच. तिची बाजू घेतोय असं मला ते बोलताना वाटलं होतं.

त्याच आठवड्यात टेमघरची मुलगी मीटिंगला आली. एरवी कधी यायची नाही, त्या संध्याकाळी दवाखान्यात आली, गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र तसंच. बाकड्यावर बसली नाही. उभ्या उभ्याच विचारलं.

"रविवारी नेटवर काकांनी बाबा हजर आहेत म्हणून सांगितलं. तुम्ही दोघं होतात. तुम्ही ऐकलंत ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी हजेरी दिली ग. मग आंघोळीला गेलो."

"आणि तुम्ही?"

शेलारचा म्हणाला, "माझ्याकडं पार्टी आली होती. आवाज कमी केला होता. आता खोटं कशाला बोलू?"

मग ती माझ्याकडे वळली. मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "बाळा, तू आत्ता फार थकली आहेस. आपण नंतर बोलू."

तिने मान हलवली. रडली नाही. शेलारचा तिला स्कूटरपर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "बिचारी. मनाची समजूत घालते." मला अजून वाटतं डॉक्टरांना शंका आली होती. पण शंका बोलून दाखवायची तर आधी आपण आंघोळीला गेलो होतो हे पुन्हा कबूल करावं लागतं, आणि आमच्या क्लबात तेवढ्या भानगडीत कोणी पडत नाही. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे देतो, पण तो माझ्यापुढे फार लहान आहे. रविवारी सकाळी आमच्यातल्या एका माणसाने कान देऊन नेट ऐकली असती तर माझं खोटं त्याच संध्याकाळी उघडं पडलं असतं. इतकी वर्षं मी या लोकांवर चिडत आलो की तुम्ही ऐकत नाही, आणि त्या एका दिवशी त्यांनी ऐकलं नाही म्हणून मी वाचलो.

साहेब उरले होते. त्यांनी तर माझ्या समोर बसून ऐकलं होतं. त्यांना कोणी विचारलं नाही, कारण ते तिथे होते हे मी कोणाला सांगितलं नाही. पुढे त्यांची बदली झाली. गच्चीची जागा मिळाली नाही. तिथे आता मोबाइलचा टॉवर आहे.

मास्तर काही महिने होते. मुलाने त्यांना नाशिकला नेलं. मी एकदा बघायला गेलो. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मला बघून डोळ्यांत ओळख आली, मला हात लावायला डावा हात पुढे केला. मी त्यांच्याजवळ बसून नेटच्या गप्पा सांगितल्या, शेलारच्या अँटेनाच्या सांगितल्या. सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं वाटलं त्यांना." मुलगा मला स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "ताईला मी यायला नको सांगितलंय. ती आली की तेच तेच सांगत बसते, मी ऐकलं, मी ऐकलं. बाबांसमोर नको ते." मी खिडकीतून बाहेर बघत होतो. गाडीत आम्ही दोघंच होतो. बोलायला चांगला वेळ होता.

मास्तर गेले तेव्हा दिवस नाशिकला केले. ती गेली होती, पाहुण्यासारखी एका कोपऱ्यात बसून आली असं तिच्या सासूबाईंनी कोणाला तरी सांगितलं, ते फिरत माझ्यापर्यंत आलं. भाऊ तिच्याशी बोलत नाही. राखीला नाही, दिवाळीला नाही. एकदा मी धीर करून त्याला फोन लावला. म्हटलं, बहिणीवर इतका राग बरा नाही. तो म्हणाला, "काका, चुकीचा राग नाही माझा. झाली चूक तर कबूल करावी माणसाने. ती अजून तुमच्या नावावर ढकलते. तुम्ही मोठ्या मनाचे म्हणून काही म्हणत नाही." मी हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

वर्षभराने ती माझ्याकडे आली. पिशवीत मास्तरांचा सेट, पॉवर सप्लाय, माइक, सगळं नीट पुसून आणलेलं. अंबाडीचं घर भावाने भाड्याने दिलं होतं, तेव्हा चुलत्याने हे तिला दिलं.

"क्लबला उपयोगी पडेल," ती म्हणाली.

"तू ठेव ना. बाबांची आठवण."

"मी बंद केलं ते काका. परवाना असू दे, पण ऐकत नाही आता." तिने सेट टेबलावर ठेवला. "ऐकून काय उपयोग, लोक म्हणतात ऐकलंच नाही."

माझी बायको आत गेली, चहा टाकायला. ती मुलगी टेबलावर माइक ठेवून तशीच बघत राहिली.

"काका, मी कोणाला सांगणार नाही. भावालासुद्धा नाही. मला फक्त माझ्यापुरतं कळू दे. तुम्ही त्या दिवशी बाबा हजर आहेत म्हणालात ना? मी वेडी नाही ना झाले?"

याहून सोपं तिला ते करून ठेवता आलं नसतं. एक 'हो' म्हणायचं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं, बायकोला तर भांड्यांच्या आवाजात काही ऐकूही येत नव्हतं. मी म्हणालो, "वय झालं ग माझं. आता नक्की कुठल्या रविवारी काय बोललो ते नाही सांगता येत."

ती म्हणाली, "बरं." चहा पूर्ण प्यायली. बायकोला नमस्कार केला, मलाही केला. मला नमस्कार करायला ती वाकली तेव्हा मी पाय मागे घेतले, तिला वाटलं असेल म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात.

तो सेट आम्ही क्लबातून कोणाला तरी दिला. त्याने तो लावलाच नाही. नेट मी अजून घेतो. कधी डॉक्टर असतात, कधी नसतात. शेलारचा आता मुलाच्या घरी परदेशात जाऊन येऊन असतो. ग्रुपवर फुलं रोज येतात. आता मी हवेतून कोणाला हजर करत नाही. कोणी नसेल तर कोणी नाही म्हणतो आणि नेट बंद करतो. लोकांना वाटतं म्हातारा कडक झाला.

गेल्या महिन्यात मी टेमघरला गेलो. डॉक्टरांना अलीकडे बरं नसतं, मलाही जिना चढताना थांबावं लागतं, आणि हे असंच माझ्याबरोबर जाऊ द्यायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. रिक्षात वाक्यं जुळवली. काही मोठी नाहीत, चार-पाचच. पुन्हा पुन्हा मनात म्हटली. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "चाचा, कुछ बोला क्या?" मी म्हटलं, तुम चलाओ.

दार तिनेच उघडलं. केस बरेच पांढरे झाले आहेत तिचे. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा.

"काका? या ना, या. बसा, चहा टाकते."

"ड्युटीला निघालीस वाटतं."

"सेकंड शिफ्ट. अजून वेळ आहे."

आत तिच्या सासूबाई टीव्ही बघत होत्या, त्यांनी आवाज कमी केला. मी खुर्चीत बसलो. तिने पाणी दिलं. मुलांची चौकशी झाली. माझ्या डोळ्यांची झाली. पाणी संपलं.

"काही काम होतं का, काका?"

"नाही ग. सहज. इकडून चाललो होतो."

ती डबा हातात घेऊन उभी होती. माझ्याकडे नीट बघितलं तिने. मग डबा टेबलावर ठेवला आणि समोर बसली.

"बोला काका. मला उशीर झाला तरी चालेल."

मी उठलो. "पुन्हा येईन निवांत," म्हणालो. चपला घालायला वेळ लागला, ती वाकून मदत करायला लागली, तिला मी नको म्हटलं. ती दारात थोडा वेळ थांबली असावी. मी कठडा धरून उतरायला लागलो, वर दार लागल्याचा आवाज आला, आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर ती वाक्यं माझ्या तोंडातून बाहेर पडली, रिक्षात पाठ केली होती तशी, एकही शब्द न चुकता:

"पोरी, तू बरोबर ऐकलं होतंस. तुझे बाबा त्या सकाळी नेटवर नव्हते, आणि ते हजर आहेत, बरे आहेत, असं मी सांगितलं. तुझ्या भावाशी खोटं बोललो तो मी. तुझं काही चुकलं नाही. मला माफ कर."